कुलूप आणि संकेत : ध्वनिमुद्रणातील एका दोषावरून

वऱ्हाडी बोलीत प्रमाण मराठीतील 'ळ'च्या जागी बहुधा 'य' ऐकू येतो, हे बोलींच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. 'डोळा' हा 'डोया' होतो, 'काळा' हा 'काया' होतो. परिणामी शरीरवाचक 'काया' आणि वर्णवाचक 'काया' हे दोन शब्द कानाला एकरूप वाटतात. ते खरोखरच एकरूप आहेत काय, की 'ळ'पासून आलेल्या 'य'चा उच्चारकाल मूळच्या 'य'हून किंचित निराळा राहतो, हा प्रश्न घेऊन अकोल्याच्या जुन्या शहरात, असदगडाच्या आसपासच्या वस्तीत, मी व माझ्या विद्यार्थ्यांनी काही वयोवृद्ध भाषकांचे ध्वनिमुद्रण केले. उच्चारकालाचा जो फरक आम्ही शोधीत होतो तो अर्थातच अत्यल्प, काही मिलिसेकंदांचा. अशा कामी मुद्रण निर्दोष असणे ही पहिली अट होय.

ते तसे नव्हते. दोन बैठकींच्या वेळी सोबत एक साधे हातातले मुद्रणयंत्रही चालू ठेवले होते. पुढे दोन्ही मुद्रणे शेजारी शेजारी ठेवून पाहता त्यांची लांबी जुळेना. दोन यंत्रांची घड्याळे अगदी समान चालीची नसतात, त्यामुळे थोडा फरक पडावयाचाच. परंतु तो फरक तासाभरात हळूहळू आणि सम प्रमाणात वाढत गेला पाहिजे. येथे तो एकाएकी उड्या घेत होता. कोठे आवाजाचा एक बारीक तुकडा गळालेला होता, तर कोठे मागचाच तुकडा पुन्हा आलेला होता. कानाला फार तर एखादी 'टिक्' जाणवे, पुष्कळदा तीही नाही.

संगणकाला जोडलेल्या एका स्वस्त मुद्रणोपकरणाचा हा दोष होता. उपकरण स्वतः निर्दोष होते. दोष त्याच्या ड्रायव्हरमध्ये होता. विभागाच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आता संगणकाच्या व्यवसायात आहे, त्या ड्रायव्हरची संहिता माझ्यासमोर बसून ओळीओळीने वाचली. माझे शिक्षण भाषाविज्ञानाचे. तरीही त्या दोन संध्याकाळींत जे समजले ते भाषेच्या अभ्यासकाला अगदीच परके वाटले नाही, म्हणून ते येथे मांडीत आहे.

ड्रायव्हर म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा तो भाग, ज्याला एका विशिष्ट उपकरणाशी कसे बोलावे हे ठाऊक असते. ध्वनीच्या ड्रायव्हरला दोन बाजूंनी काम करावे लागते. एका बाजूने उपकरणाकडून आवाजाचे नमुने येत असतात. दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले व २५६ नमुन्यांचा एक तुकडा केला, तर सुमारे ५.८ मिलिसेकंदांनी एक तुकडा तयार होतो. तो आला की उपकरण प्रोसेसरला हाक मारते. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातले काम जेथल्या तेथे सोडतो, ड्रायव्हरमधील ठरावीक भाग चालवून तुकडा मेमरीत ठेवतो आणि मूळ कामाकडे परत जातो. दुसऱ्या बाजूने आपला मुद्रणाचा कार्यक्रम आपल्या सवडीने येऊन साठलेले तुकडे उचलून नेतो. देणारा आणि घेणारा यांची गती सारखी नसल्यामुळे मध्ये एक साठा लागतो, आणि त्या साठ्याची रचना वर्तुळाकार असते. विहिरीवरचे रहाटगाडगे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही कल्पना वेगळी समजावून देण्याची गरज नाही. ठरावीक संख्येचे कप्पे. एकीकडे भरत जावयाचे, दुसरीकडे रिते होत जावयाचे, आणि फिरून पुन्हा तेच. फरक इतकाच की, रहाटाची सर्व गाडगी एकाच माळेत बांधलेली असल्यामुळे भरणे आणि रिते होणे यांचा मेळ आपोआप राहतो. येथे माळ नाही. मेळ राखण्यासाठी एक आकडा ठेवावा लागतो : या घटकेला भरलेले कप्पे किती. त्याला आपण 'शिल्लक' म्हणू.

सारा घोटाळा या एका आकड्यापाशी होता. 'शिल्लक एकाने कमी कर' हे वाक्य मराठीत एक असले तरी प्रोसेसरच्या दृष्टीने त्या तीन क्रिया आहेत : आकडा वाचणे, त्यातून एक वजा करणे, आलेले उत्तर परत लिहिणे. समजा शिल्लक ६ आहे. एका प्रोसेसरवर मुद्रणाचा कार्यक्रम एक कप्पा उचलून ६ हा आकडा वाचतो व मनात ५ धरतो. त्याच क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर इंटरप्ट येऊन नवा तुकडा भरला जातो. तो भागही ६ च वाचतो व ७ लिहितो. मागून पहिला आपले ५ लिहून जातो. एक कप्पा गेला, एक आला, तेव्हा शिल्लक ६ च असावयास हवी. वहीत मात्र ५ आहे. लिहिण्याचा क्रम उलटा झाला असता तर ती ७ झाली असती. जिनिंगमध्ये दोन काट्यांवर कापूस मोजला जात असून दोन दिवाणजी एकाच खात्यावर, एकमेकांकडे न पाहता, बेरीज-वजाबाकी करू लागले तर जे होईल तेच हे.

शिल्लक एकाने अधिक धरली गेली, तर कार्यक्रम केव्हातरी न भरलेला कप्पा भरलेला समजून उचलतो, आणि त्यात मागच्या फेरीतला जुना आवाज असतो. ती एकाने कमी धरली गेली, तर साठा भरत आल्यावर न उचललेला कप्पा मोकळा समजून त्यावर नवा आवाज लिहिला जातो. पहिल्या प्रकारात व्यंजन लांबते, दुसऱ्यात आखडते. आणि जे लांबते वा आखडते त्याचे मान आम्ही शोधीत असलेल्या फरकाच्याच जातीचे! मुद्रणात एखादा तास आवाजच आला नसता तर ते परवडले असते, कारण ते निदान कळले असते.

आता प्रश्न असा की, ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हे सुचले नव्हते काय? सुचले होते. शिल्लक बदलण्यापूर्वी त्याने इंटरप्ट बंद केले होते आणि बदलून झाल्यावर पुन्हा चालू केले होते. ज्या काळी संगणकात एकच प्रोसेसर असे त्या काळी एवढे पुरेसे होते. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर व दुसरीकडे यवतमाळ येथे जाणारी अडीच फुटी रुळांची 'शकुंतला' वऱ्हाडातल्या वाचकांस ठाऊक आहेच. उत्तरकाळात तिच्या एकेका शाखेवर एकच गाडी जा-ये करीत असे. समोरून दुसरी गाडी येण्याचा संभवच नसेल, तर एकेरी रुळावर टक्कर कोणाची व्हावी? एका प्रोसेसरचे यंत्र हे असे एका गाडीचे यंत्र होय. त्यात व्यत्यय येऊ शकतो तो इंटरप्टचाच, आणि तेवढे दार लावून घेतले की प्रोसेसर एकटा असतो.

परंतु आज साध्या संगणकातही चार-आठ प्रोसेसर एका चकतीवर असतात आणि त्या सर्वांची मेमरी एक असते. इंटरप्ट बंद करण्याची ती आज्ञा ज्या प्रोसेसरवर दिली त्याच्यापुरतीच चालते. शेजारचा प्रोसेसर इंटरप्ट घेतो आणि शिल्लक बदलतो. आमच्या ड्रायव्हरच्या लेखकाने आपल्या घराचे दार लावले होते. घराला आता अनेक दारे झाली आहेत, ही गोष्ट त्याच्या लेखी नव्हती. जुन्या, एका प्रोसेसरच्या संगणकावर घेतलेल्या आमच्या मुद्रणांत हा दोष का आढळला नाही, याचाही उलगडा यातून झाला.

हा संक्रमणकाळ ज्या कार्यप्रणालीने सर्वांसमक्ष भोगला ती म्हणजे लिनक्स. तिची संहिता खुली असल्यामुळे त्यातील प्रत्येक पायरी आज वाचता येते. १९९६ साली लिनक्सच्या २.० या आवृत्तीत अनेक प्रोसेसरांची सोय झाली, ती सर्व गाभ्याला मिळून एकच मोठे कुलूप घालून. एका वेळी एकाच प्रोसेसरने गाभ्यात शिरावे, इतरांनी बाहेर थांबावे. सुरक्षित व्यवस्था, परंतु गाभ्यातील कामापुरते तरी चार प्रोसेसर असून एकाचेच काम होणार. मग ते मोठे कुलूप फोडून त्या जागी लहान लहान कुलुपे बसवण्याचे काम सुरू झाले, आणि मोठ्या कुलपाचा शेवटचा अवशेष २०११ साली २.६.३९ या आवृत्तीत निघाला. पंधरा वर्षे! एका प्रोसेसरवरून सर्व प्रोसेसरांचे इंटरप्ट बंद करण्याची एक जुनी सोय होती, तीही २००२ मध्ये काढून टाकण्यात आली. तिच्यावर विसंबलेले ड्रायव्हर एकेक करून सुधारावे लागले. या कामाला इतका काळ का लागावा, हे कळावयाचे तर आधी 'कुलूप' या शब्दाचीच थोडी चिकित्सा करावी लागेल.

मराठीत कुलूप म्हटले की लोखंडी वस्तू डोळ्यांसमोर येते. ती दाराला अडकवली म्हणजे आत जाऊ इच्छिणारा, त्याची इच्छा असो वा नसो, बाहेर राहतो. अडसर भौतिक आहे. कार्यप्रणालीच्या गाभ्यातील कुलूप या अर्थाने कुलूप नव्हेच. ते मेमरीतील एक आकडा असते, आणि तो '०' असल्यास मोकळे, '१' असल्यास कोणीतरी घेतलेले, असे आपण ठरवलेले असते. शिल्लक बदलू पाहणारा आधी तो आकडा पाहतो. शून्य असल्यास एक करून पुढे जातो. हे पाहणे व बदलणे मात्र अविभाज्य असावे लागते, नाहीतर दोघे एकदमच शून्य पाहून आत शिरतील आणि पहिले पाढे पंचावन्न. म्हणून प्रोसेसरमध्येच अशी एक आज्ञा ठेवलेली असते की, जिच्या मध्ये दुसरा कोणी येऊ शकत नाही. इतके झाले तरी शिल्लकेचा आकडा स्वतः उघडाच पडलेला असतो. ज्याने कुलपाकडे पाहिलेच नाही त्याला यंत्र अडवीत नाही. तो सरळ जाऊन शिल्लक बदलतो.

म्हणजे हे कुलूप केवळ संकेत आहे. शब्द व अर्थ यांचा संबंध नित्य आहे असे मीमांसक म्हणतात. तो संकेताने ठरलेला आहे असे नैयायिक म्हणतात. भाषेच्या बाबतीत कोणाचे खरे, याची चर्चा येथे नको. गाभ्यातील कुलपाच्या बाबतीत मात्र नैयायिकांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. अमुक कुलूप अमुक आकड्याचे, हे नाते यंत्रात कोठेही लिहिलेले नसते. ते लिहिणाऱ्यांच्या समजुतीत असते, फार तर संहितेतील एखाद्या टीपेत असते. भाषेतला संकेत एखाद्याने मोडला तर ऐकणारा निदान 'काय म्हणालात?' असे विचारतो. येथे विचारणारा कोणी नाही.

आणखी एक गोष्ट. 'या ओळींना कुलूप लाव' अशी भाषा नवशिके वापरतात असे माझा विद्यार्थी सांगत होता, आणि अनर्थाचे मूळ बरेचसे या भाषेत आहे असे मला वाटते. कुलूप ओळींचे नसते. ते एका विधानाचे असते. आमच्या उदाहरणात ते विधान असे : शिल्लक म्हणजे भरलेल्या कप्प्यांतून उचललेले कप्पे वजा जाता उरणारी संख्या. बदल करीत असताना हे विधान क्षणभर खोटे होते, आणि त्या क्षणी दुसऱ्या कोणीही ते वाचू नये, इतकाच कुलपाचा हेतू. कोठल्याही ओळीत, ड्रायव्हरच्या कोणत्याही टोकाला, जो जो या आकड्याला हात लावील त्या प्रत्येकाने तेच कुलूप घेतले पाहिजे. पंधरा वर्षे गेली ती यात : मोठे कुलूप कोणकोणत्या विधानांचे मुकाट्याने रक्षण करीत होते, हे प्रत्येक ड्रायव्हरमध्ये शोधून काढण्यात.

रेल्वेने हा प्रश्न संगणकाच्या पुष्कळ आधी सोडवला होता. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच गाडी असावी यासाठी भारतात दीर्घकाळ नील यांची गोळ्याची यंत्रे वापरली गेली. दोन्ही स्थानकांवर एकेक यंत्र, दोन्ही तारेने जोडलेली. कोणत्याही एका यंत्रातून धातूचा एक गोळा बाहेर काढला की तो परत कोठेतरी आत जाईपर्यंत दोहोंपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा गोळा निघत नाही. तो गोळा वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीत घालून इंजिनच्या ड्रायव्हरच्या हाती देत. अकोला-अकोट मार्ग मीटरगेजचा होता तेव्हा चालत्या गाडीतून त्या कड्याची देवघेव होताना लहानपणी मी डोळे भरून पाहिलेली आहे. तारेने जोडलेली दोन यंत्रे म्हणजे वर सांगितलेली प्रोसेसरची अविभाज्य आज्ञा. आणि तरीही, गोळा हातात नसताना इंजिन पुढे जाऊ शकत नाही असे मुळीच नाही. वाफ आहे, रूळ आहे. ते जात नाही याचे कारण ड्रायव्हरला नियम मान्य आहे. आमच्या ड्रायव्हरची (येथे शब्द दोन्ही अर्थी घ्यावा) उणीव हीच होती की, त्याने गोळा मागितलाच नाही.

रेल्वेचा हा संबंध केवळ माझ्या कल्पनेतला नाही. नेदरलंड्सचे गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी साठाव्या दशकाच्या आरंभी या प्रश्नाचे शास्त्र घडवले, आणि आपल्या साधनाला त्यांनी रेल्वेच्या सिग्नलखांबाचे नाव दिले : सेमाफोर. त्यावरच्या दोन क्रियांना त्यांनी 'पी' आणि 'व्ही' ही आद्याक्षरे योजली. 'व्ही' हे डच भाषेतील 'वाढवणे' या क्रियापदाचे आद्याक्षर. 'पी' ज्याचे आद्याक्षर तो शब्द डच कोशात नाही. 'उतरवून पाहणे' या अर्थाच्या शब्दसमूहातून त्यांनी तो स्वतः बनवला. आपल्याकडे जुन्या सिग्नलांचा आडवा हात खाली आला की 'सिग्नल पडला' असे म्हणत, आणि त्याचा अर्थ 'गाडीला वाट मिळाली' असा असे. सेमाफोरमध्येही 'उतरवणे' साधले म्हणजे वाट मिळाली. साम्य मोहक आहे, पण वरवरचे. तेथे हात उतरतो, येथे संख्या उतरते. व ती उतरल्याने मागून येणाऱ्याची वाट बंद होते. परिभाषा घडवणाऱ्याने अशा मोहापासून जपून असावे, हे मी स्वतःलाच बजावतो.

ज्याला कुलूप मिळाले नाही त्याने काय करावे, यावरून कुलपांचे दोन वर्ग होतात. एका प्रकारात थांबणारा प्रोसेसर तेथेच उभा राहून 'मोकळे झाले का, मोकळे झाले का' असे पाहत राहतो. याला स्पिनलॉक म्हणतात. इंजिनात वाफ धरून सिग्नलपाशी उभे राहावे तसे हे. कोळसा जळतच असतो, म्हणून थांबणे क्षणभराचेच असावे. दुसऱ्या प्रकारात, ज्याला म्यूटेक्स म्हणतात, थांबणारे काम निजते आणि प्रोसेसर दुसऱ्या कामाला लागतो. हा मार्ग काटकसरीचा. पण इंटरप्टच्या भागाला निजण्याची मुभा नसते, कारण त्याने कोणाचे तरी काम मध्येच थांबवून ठेवलेले असते आणि त्याला स्वतःला जागे करण्यासारखे स्वतंत्र अस्तित्व नसते. म्हणून इंटरप्टशी ज्याची वाटणी आहे त्या आकड्याला स्पिनलॉकच हवा.

तोही नुसता पुरत नाही, आणि हा या विषयातला सर्वांत फसवा भाग होय. समजा मुद्रणाच्या कार्यक्रमाने स्पिनलॉक घेतला आणि नेमका त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला. इंटरप्टचा भाग कुलूप मागू लागतो व ते मोकळे होण्याची वाट पाहत फिरत राहतो. कुलूप ज्याच्याकडे आहे ते काम याच प्रोसेसरवर, याच इंटरप्टखाली दबलेले आहे. ते पुढे सरकल्याखेरीज कुलूप सुटणार नाही, आणि इंटरप्ट संपल्याखेरीज ते पुढे सरकणार नाही. संगणक जागच्या जागी थिजतो. यास्तव दोन्ही उपाय एकत्र करावे लागतात : आपल्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट बंद करावयाचे, ते आधी चालू होते की बंद हे टिपून ठेवावयाचे, आणि मग कुलूप घ्यावयाचे. लिनक्समध्ये या तिन्ही क्रिया मिळून एकच सामासिक नाव आहे. गंमत अशी की, त्या समासात कुलूप पहिले पद आहे व इंटरप्ट नंतरचे. प्रत्यक्षात क्रम उलटा. समासाच्या पदक्रमावरून क्रियांचा क्रम काढू नये, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतोच.

आमचा ड्रायव्हर दुरुस्त झाला तो इतक्यानेच. कार्यक्रमाच्या बाजूला हा सामासिक उपाय, इंटरप्टच्या बाजूला तेच कुलूप. मात्र तुकडा उचलून कार्यक्रमाच्या मेमरीत नेण्याचे काम कुलपाच्या बाहेर ठेवावे लागले, कारण त्या मेमरीला हात लावताना निजण्याची वेळ येऊ शकते, आणि स्पिनलॉक घेऊन निजणे सर्वथा वर्ज्य. बाहेर ठेवले तरी बिघडत नाही. जोवर शिल्लक कमी केलेली नाही तोवर भरणारा त्या कप्प्याला शिवत नाही. कुलूप ओळींचे नसून विधानाचे असते, याचे हे प्रत्यंतर.

कुलपाचे एक काम याहून सूक्ष्म आहे. प्रोसेसर आपल्या सोयीसाठी मेमरीतील लेखनाचा क्रम बदलतात. 'कप्प्यात आवाज लिही, मग शिल्लक वाढव' असे सांगितले, तरी दुसऱ्या प्रोसेसरला कधी वाढलेली शिल्लक आधी दिसते आणि आवाज मागून. ज्या प्रोसेसरवर काम चालले आहे त्याला स्वतःला या अदलाबदलीचा पत्ता लागत नाही, त्याच्यापुरता अर्थ अबाधित राहतो. मराठी वाक्यात असेच होते. 'रामाने रावणाला मारले' आणि 'रावणाला रामाने मारले' यांत अर्थभेद होत नाही, कारण नाती विभक्तीने बांधलेली आहेत. ज्याला विभक्ती दिसत नाहीत असा श्रोता मात्र क्रमावर विसंबतो आणि फसतो. दुसरा प्रोसेसर हा असा श्रोता. कुलूप घेणे व सोडणे या क्रियांत क्रमाचे बंधन अंतर्भूत असते : सोडण्यापूर्वी लिहिलेले सर्व, पुढे ते कुलूप घेणाऱ्याला लिहिलेलेच दिसते. जो कुलपावाचून चालवू पाहतो त्याने हे बंधन स्वतः घालावे लागते. टेबलावरच्या बहुतेक संगणकांतील प्रोसेसर याबाबत बरेच शिस्तशीर आहेत. भ्रमणध्वनीतील तितके नाहीत. त्यामुळे एकीकडे वर्षानुवर्षे चाललेला ड्रायव्हर दुसरीकडे नेताच अडखळू शकतो.

एकाहून अधिक कुलुपे झाली की परस्परांचा खोळंबा संभवतो. एकाने पहिले घेऊन दुसरे मागावे, दुसऱ्याने दुसरे घेऊन पहिले मागावे. दोघेही कायमचे उभे. उपाय एकच, सर्वांनी एकाच क्रमाने घ्यावीत. २००६ पासून लिनक्समध्ये यासाठी एक परीक्षक आहे, आणि तो मला फार आवडला. त्याला नियम कोणी सांगत नाही. कुलुपे प्रत्यक्षात कोणत्या क्रमाने घेतली जातात ते पाहत पाहत तो क्रमाचे नियम स्वतः बांधतो, आणि आधीच्या प्रयोगाशी विसंगत प्रयोग आढळला की, खोळंबा प्रत्यक्ष झाला नसतानाही, इशारा देतो. बोलीचा व्याकरणकार याहून निराळे काय करतो?

येथे एक आक्षेप येऊ शकेल. मुळात वाटणीच नको, म्हणजे कुलूपही नको! हा विचार महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे १९४६ साली जन्मलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, त्याची रचना या तत्त्वावरची होती. त्यातील ट्रान्सप्यूटर या प्रोसेसरांची मेमरी सामायिक नव्हती. प्रत्येकाची आपापली, आणि देवघेव फक्त निरोपांनी. कोणाची शिल्लक दुसऱ्याने बिघडवण्याचा प्रश्नच उरत नाही. परंतु निरोप पाठवावयाचा म्हणजे मजकुराची नक्कल करावी लागते, आणि ज्या यंत्रात मेमरी सामायिक आहे तेथे निरोपांची पेटीदेखील सामायिकच असते. त्या पेटीला पुन्हा एक लहानसे कुलूप लागते.

आमच्या बाबतीत हानी एका शोधनिबंधापुरती झाली. अन्यत्र ती प्राणांवर बेतली आहे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली व त्यांतील काही दगावले. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासात जी कारणे दाखवली, त्यांत एकाच मेमरीचा अनेक कामांनी योग्य मेळाविना केलेला वापर हे एक होते. ते यंत्र तर एका प्रोसेसरचे होते! चालक मजकूर झटपट दुरुस्त करू शके तेव्हाच एक दोष प्रकट होई. सावकाश काम करणाऱ्याला तो कधीच दिसला नसता. या जातीच्या दोषांची शोधाशोध अवघड का, हे त्यावरून कळावे. ते मागितल्या वेळी पुन्हा घडत नाहीत. आमचा ड्रायव्हरही विभागात तपासायला बसलो की सुतासारखा सरळ चाले.

एका बैठकीविषयी लिहावयाचे राहिले. जुन्या शहरातील ज्या भाषिकेकडून आम्हाला सर्वांत समृद्ध सामग्री मिळाली, तिची बैठक सदोष ड्रायव्हरवरच झाली होती आणि त्या दिवशी दुसरे यंत्र सोबत नव्हते. ती आता हयात नाही. त्या मुद्रणात तुकडे कोठे गळाले व कोठे दोनदा आले हे निश्चित करण्याचा मार्ग आम्हाला सापडलेला नाही. काही ठिकाणी लहरींची जोड तुटलेली दिसते. जेथे जोड योगायोगाने जुळली तेथे काहीच दिसत नाही. त्या बैठकीवरून काढलेली 'य'च्या उच्चारकालाची सर्व मापे मी मागे घेतली आहेत, आणि विभागाच्या संग्रहात त्या मुद्रणावर तशी नोंद केली आहे. शब्द, रूपे, 'मले', 'तुले' असे प्रत्ययांचे प्रयोग आणि तिने सांगितलेल्या तीन कहाण्या यांसाठी ते मुद्रण पूर्वीइतकेच विश्वसनीय आहे. उच्चारकालासाठी ते वापरू नये. 'काया' व 'काया' यांच्या मापनासाठी दुरुस्त ड्रायव्हरवर, आणि दर वेळी दुसरे यंत्र शेजारी ठेवून, नव्या भाषकांचे मुद्रण आम्ही पुन्हा आरंभिले आहे.